मिऱ्याच्या वाटेने गेलेल्या गुरुलिंगचा वाटा

मी, चनबसप्पा शिवलिंगप्पा तोळणुरे, वय सदुसष्ट, धंदा मसाल्याचा व्यापार, राहणार सात रस्त्याजवळ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. घशाच्या दुखण्याने माझा आवाज गेला आहे आणि डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्याची खात्री दिलेली नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. शेजारी बसून कोणी काही सुचवत नाही, कोणाची भीड नाही, कोणाचा धाक नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. वडिलांचे शेत अक्कलकोट तालुक्यात होते. ते वाटणीच्या वेळी धाकटा भाऊ ईरप्पा याने मागितले आणि मी दिले. त्या शेताशी माझा किंवा माझ्या माणसांचा आता काही संबंध नाही.

माझी माणसे तीन. पत्नी चन्नम्मा, एकुलता मुलगा गुरुलिंग आणि गुरुलिंगची बायको जगदेवी. गुरुलिंगला मूलबाळ नाही. त्याच्या नावाआधी 'चिरंजीव' लिहावे की 'लिंगैक्य', म्हणजे वारलेला, या एका शब्दासाठी हा कागद चार महिने अडला होता. तो शब्द मी पुढे योग्य जागी लिहीत आहे.

कलम १. राहते घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, पत्नी चन्नम्मा हिला पूर्ण मालकीने देतो. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. मागच्या खोलीचे छत गळते ते मात्र पावसाआधी करून घ्यावे; मी दरवर्षी पुढच्या वर्षावर टाकत आलो.

कलम २. दुकानातला जुना नोकर मायाप्पा याला माझी मोठी पितळी तागडी द्यावी असे मनात होते. तो या कागदावर साक्षीदार असल्यामुळे त्याला काही देता येत नाही, असे वकिलांचे म्हणणे पडले. मायाप्पाला लिहून विचारले, तागडी घेतोस की सही करतोस? तो म्हणाला, "तागडी ऱ्हाऊ द्या मालक, सही करतो. ह्या कागदाला माणूस पायजे." म्हणून तागडी दुकानातच राहील.

कलम ३. हे कलम मुलाविषयी आहे. कोणी विचारले की चनबसप्पाने असे का लिहिले, तर त्याला हे वाचून दाखवावे.

गुरुलिंग मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात, मिऱ्याच्या पोत्यांवर बसून मोठा झाला. शाळेत असताना गोरे लोक समुद्र ओलांडून का आले हा धडा होता, आणि त्यात मिरीचे नाव होते. तो पळत दुकानात आला आणि मूठभर मिरी उचलून म्हणाला, "अप्पा, ह्याच्यासाठी आले ते! आपल्या दुकानातल्या मालासाठी!" त्या दिवसापासून त्याने जहाजांचा नाद घेतला तो सोडला नाही. ज्या घरात सात पिढ्यांत कोणी खाडीसुद्धा ओलांडली नव्हती, त्या घरातला मुलगा मुंबईला शिकून मालवाहू जहाजावर अधिकारी झाला. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

बहात्तर सालच्या मार्चमध्ये तो शेवटचा रजेवर आला. दुष्काळ पडायला लागला होता, धंदा बसला होता, आम्ही बापलेक संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून असायचो. जगदेवी घरून चहा घेऊन आली ती तिथेच आत टेकली. मी त्याला विचारले, "आपला माल अरब नेतच हुते की त्या गोऱ्यांकडं. मग एवढं मरायला समुद्रात का उतरले रे ते?"

तो म्हणाला, "अप्पा, तुमी शिरसीचा माल घेता. मधी अडत्या किती?"

"दोन. कधी तीन."

"तुमाला तीन अडते जड जातात. मलबारची मिरी आधी अरबांच्या जहाजात. मग उंटावर. मग मिसरच्या सुलतानाची जकात. मग व्हेनिसचे व्यापारी. पोर्तुगाल पार शेवटच्या टोकाला. त्यांच्या ताटात पडस्तवर मिरी श्रीमंताचा दागिना झालेली असायची."

"म्हंजे मधल्या हातांना चुकवायला निघाले."

"व्हय, पण नुसतं तेवढंच न्हाय. शाळेत सांगत्यात की तुर्कांनी वाट बंद केली म्हणून निघाले. वाट बंद न्हवती, महाग हुती. आणि पोर्तुगीज त्याच्या आदीच निघालेले. आफ्रिकेच्या कडंकडंनं, सोनं हुडकत. सोनं थोडं गावलं, मग माणसंच धरून विकाय लागले. मुसलमान राजांशी वैर हुतं, त्यांना पाठीमागनं गाठायचं हुतं. शेजारचा राजा पुढं जाईल ही भीती हुती. आणि वाऱ्याच्या उलट चालणारी शिडं हाताला आली हुती. हे समदं एकदम जमलं."

"आणि गेलं कोण? राजा गेला का?"

तो हसला. "राजा कशाला जातोय? सावकार बी न्हाय. गेली ती घरात भाकर नसलेली पोरं. पयल्या फेरीत निम्म्याहून जास्त मेली. हिरड्या सुजून, रक्त येऊन. मिरी मात्र पोचली."

मग त्याने पुढची गोष्ट सांगितली. पहिल्या फेरीचाच कप्तान दुसऱ्यांदा आला तेव्हा मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे एक जहाज त्याच्या माणसांनी बायकापोरांसकट जाळले. मी व्यापारी माणूस. माझ्या डोक्यात ते शिरेना. मी म्हणालो, "माल घ्यायला आलेला माणूस असं करतोय व्हय? उद्या त्याला माल कोण देणार?"

"अप्पा, ते गिऱ्हाईक म्हणून आलेच न्हवते. त्यांना दुकानच पायजे हुतं."

तेवढ्यात आतून जगदेवीने विचारले, "आणि जी पोरं बुडून मेली त्यांच्या बायकांचं काय झालं?"

गुरुलिंगने मागे वळून तिच्याकडे पाहिले. "ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "ते पुस्तकात न्हाय."

त्या वेळी सुएझचा कालवा लढाईमुळे बंद होता. मुंबईहून युरोपात जाणाऱ्या जहाजांना आफ्रिका खंडाला वळसा घालून, त्या जुन्याच वाटेने जावे लागे. स्टेशनवर त्याला निरोप देताना मी म्हणालो की ही लांबची वाट सोड, किनाऱ्यावरची नोकरी बघ. तो म्हणाला, "जवळची वाट महाग झाली की मालक लांबच्या वाटंला माणसं धाडतो, अप्पा. पाचशे वर्सं हेच चाललंय." गाडी हलली. ते त्याचे माझ्याशी शेवटचे बोलणे.

जुलैत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी त्यांना वादळ लागले. जहाज जुने होते आणि पोटापेक्षा जास्त भरलेले होते, असे त्यातून आधी उतरलेल्या एका खलाशाने मला नंतर मुंबईत सांगितले. समुद्र फार चढला आहे एवढा एकच संदेश आला. पुढे काही नाही. होडी सापडली नाही, फळी सापडली नाही, माणूस सापडला नाही. तार आली ती 'बेपत्ता' म्हणून आली. मेला असे कोणीच म्हटले नाही.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये कालवा पुन्हा उघडल्याची बातमी रेडिओवर लागली. मी उठून रेडिओ बंद केला.

कलम ४. धाकटा भाऊ ईरप्पा याला माझ्या मिळकतीतले काहीही देत नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या मागे तो दुसरे कारण सांगणार नाही.

बेपत्ता माणसाचा ठावठिकाणा सात वर्षे कळला नाही तर कायदा त्याला मेलेला धरतो. ती सात वर्षे एकोणऐंशी साली भरतील. तेव्हा मी नसेन. जगदेवी आज तीस वर्षांची आहे. आमच्या लिंगायत समाजात विधवेला उडकी लागते, म्हणजे तिचे दुसरे लग्न होऊ शकते. त्यात कमीपणा नाही. पण नवरा जिवंत असेल तर उडकी कशी लागेल? गेल्या वर्षी बार्शीच्या चन्नप्पा नावाच्या शाळामास्तरांचे स्थळ आले. बायको वारलेली, माणूस सज्जन, बोलणे मोजके. जगदेवीने विचाराला तीन दिवस घेतले, मग मला म्हणाली, "मामा, तुमी म्हणाल तसं." म्हणजे तिच्या मनात होते. ईरप्पाने एस्टी धरली, बार्शीला गेला आणि त्यांच्या ओसरीवर बसून चार लोकांदेखत सांगितले की आमचा गुरुलिंग हयात आहे, दुसऱ्याच्या बायकोला कुठे मागता? बोलणे तिथेच थांबले.

ईरप्पाला पुतण्याची माया आली असे नाही. गुरुलिंग कागदावर जिवंत राहिला, सून घरात बसून राहिली आणि मी गेलो, की दुकान चालवायला काकाच उरतो. भाऊ म्हणून मी त्याला ओळखतो.

माझा राग एवढाच. त्याने माझ्या मयताला यावे, जेवावे, जावे. दुकानाची पायरी चढू नये.

कलम ५. हे कलम मी आधी एकदा लिहिले होते. आषाढात मी 'लिंगैक्य गुरुलिंग' असे लिहिले आणि चन्नम्माला वाचून दाखवण्यासाठी जगदेवीला बोलावले. तो शब्द येताच चन्नम्माने कागद ओढून घेतला. ती मला म्हणाली, "मी जिती असताना माझ्या पोराला कागदावर मारायचं न्हाय." तिने कागद धान्याच्या कोठीत टाकून कुलूप घातले. जगदेवी आत जाऊन भाकरी थापायला लागली, आणि तो थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा फार मोठा होता.

मी चन्नम्मावर चिडलो नाही. मुलाचे ताट ती अजून घासून ठेवते. तिला मी काय सांगणार, आणि कोणत्या आवाजाने?

मागच्या सोमवारी ईरप्पा घरी आला. माझ्या उशाशी बसून, मी ऐकत असताना, चन्नम्माला म्हणाला, "वैनी, गुरुलिंग आज ना उद्या येणार हाय. तवर सूनबाईला हितंच ठेवा. दुकानाचं मी बघतो."

चन्नम्मा म्हणाली, "कुटं हाय तो?"

"कोण?"

"माझा गुरुलिंग. तुमाला ठावं असंल तर सांगा, भावजी. मी आणाय जाते."

ईरप्पा खाकरला. "आशा सोडू ने, वैनी."

"मी आशा इचारली न्हाय. कुटं हाय, ते इचारलं."

इकडेतिकडे बघून ईरप्पाने टोपी घातली आणि तो गेला. चन्नम्मा उंबऱ्यात तशीच उभी होती. 'गुरुलिंग येणार' असे चार वर्षे जे ती स्वतः बोलत आली, तेच दुसऱ्याच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकले असावे. मग तिने कोठी उघडली, कागद काढला, पदराने पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"लिवा," ती म्हणाली. मी पेन उशाशी ठेवले. ती माझ्याजवळ बसली. "ती पोर तिशीत हाय. तिनं माझ्यासंगं दाराकडं बगत म्हातारं व्हायचं व्हय? लिवा म्हणते नव्हं."

म्हणून आता लिहितो. माझा मुलगा लिंगैक्य गुरुलिंग चनबसप्पा तोळणुरे हा बहात्तर सालच्या जुलै महिन्यात समुद्रात वारला, अशी माझी खात्री आहे. कायद्याला जी वाट बघायची असेल ती त्याने बघावी. मंगळवार पेठेतले दुकान, गाळा, माल, तागड्या, नाव आणि गिऱ्हाईक, जो वाटा मी गुरुलिंगसाठी राखला होता तो संपूर्ण, मी त्याची विधवा पत्नी जगदेवी हिला देतो. तिने दुसरे लग्न केले तरी दुकान तिचे. बार्शीला राहिली तरी तिचे. नाव बदलले तरी तिचे. हा वाटा सुनेला नाही, जगदेवीला आहे; म्हणून सून राहण्याची अट त्याला नाही.

जहाजाच्या कंपनीकडून पुढेमागे जी भरपाई येईल, तिच्यावरही माझा किंवा माझ्या भावाचा हक्क नाही. ती जगदेवीची.

कलम ६. मला आमच्या रीतीप्रमाणे मातीत बसवावे. त्याच दिवशी आमच्या जंगम पुरोहितांकडून गुरुलिंगचे विधीही करून घ्यावेत. शरीर नाही म्हणून जंगम अडले, तर त्यांना सांगावे की त्याच्या गळ्यात इष्टलिंग होते, आणि ते त्याच्याबरोबरच आहे.

कलम ७. या कागदाची अंमलबजावणी वकील श्री. गंगाधर म्हेत्रे यांनी करावी. कलम ५ मधली खाडाखोड माझ्या हातची आहे आणि तिच्याशेजारी माझी सही आहे.

येणेप्रमाणे लिहिले, पुन्हा वाचले, त्यात बदलण्यासारखे आता काही दिसत नाही.

सोलापूर, ता. २१ नोव्हेंबर १९७६
(सही) चनबसप्पा शिवलिंगप्पा तोळणुरे

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली. आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार:
१. (सही) गंगाधर म्हेत्रे, वकील, सोलापूर
२. (सही) मायाप्पा गुंडा कोळेकर, सोलापूर

चन्नम्मा चनबसप्पा तोळणुरे यांचे म्हणणे. शुद्ध भाषेत लिहू का असे विचारले असता त्यांनी नको म्हटले, म्हणून त्यांच्याच शब्दांत उतरवले आहे. — गं. म्हेत्रे

"मला लिवाय येत न्हाय. समदं वाचून दाखिवलं, मी ऐकलं. दुकान जगदेवीचं. ईरप्पा भावजींनी माझं नाव पुढं करून कुटं जाऊ ने. बार्शीला निरोप मीच धाडणार हाय. माझं पोर बुडलं. हे मला कुणी बोलाय लावलं न्हाय."

चन्नम्मा यांच्या अंगठ्याची निशाणी