अमावस्येची सुट्टी आणि येळ्ळूरचा गड

प्रिय आक्का,

आज अमावस्या. वडगावातले सगळे माग बंद आहेत, आणि तुझी सुशी तू गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलीय. जिची आई गेली त्या लेकीला काय सांगायचं असतं गं? मला सुचेना, म्हणून तुलाच लिहायला बसले.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं बाळ तापात गेलं, तेव्हा मीही अशीच बसले होते. येणारी प्रत्येक बाई समजूत घालून जायची. तू समजूत घातली नाहीस. श्रावणातल्या अमावस्येला मागाची पूजा उरकलीस, भाकरी बांधून घेतलीस आणि म्हणालीस, "ऊठ गं. गडावर जाऊया."

सुतक फिटतंय न फिटतंय तोच कुणी डोंगर चढायला नेतं का? गल्लीनं नावं ठेवली. मीही वाटभर धुसफुसत होते.

वर पोचलो आणि खालून ढग चढत आला. ढग अंगावरून जातो म्हणजे काय, मला कुठं ठाऊक होतं! शेतं गेली, येळ्ळूर गेलं, तूही दिसेनाशी झालीस. मी घाबरून "आक्काऽऽ" केलं. तू हातभर अंतरावर होतीस, तरी पॉवरलूमच्या खडखडाटात ओरडावं तशी ओरडलीस, "हितंच हाय गं! कुठं जाऊ मी?" बुरुजावरची पाखरं भुर्रकन उडाली. आपण मागावरच्या बायका, हळू बोलणं जमतंय कुठं! मला हसू फुटलं, आणि त्यातच साठलेलं सगळं रडू.

मग ढग सरला. बाई गं! भाताचा हिरवागार पसारा, ओढे, लांबवर बेळगाव, आणि वर केवढं ते आभाळ! माझं दुःख कमी झालं नाही, पण ते ठेवायला जागा मिळाली. मग भाकरीचं फडकं सोडलं. मला भूक लागली होती.

उतरताना विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"मला काय कळतंय? हितं आलं की लई बरं वाटतंय मला. म्हणून आणलं."

एवढं माझं केलंस, मग स्वतःचं दुखणं का लपवलंस गं? याचा राग आहे, राहणार.

पुढच्या अमावस्येला, ऐन पावसात, सुशीला गडावर नेते. समजूत घालणार नाही. ढगात तिनं "आई" म्हणून हाक मारली, तर ओ मी देईन.

तुझीच,
शालन