यकृताची उजळणी

१२ नोव्हेंबर, मंगळवार
सोनोग्राफीत लिव्हरवर डाग. दोन सेंटिमीटर. डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न — "किती घेता?" काहीच नाही म्हटलं. त्यांनी मीनाकडे पाहिलं. बायकोची साक्ष झाल्यावर माझं उत्तर कागदावर उतरलं. चोपन्न वर्षं कोरडा राहिलो, ते काय शाबासकीसाठी नव्हे. पण इतकं फुकट जाईल असं वाटलं नव्हतं.

१३, बुधवार
सायखेड्याहून कुसावहिनींचा फोन. "भाऊजी, लपूनछपून घेत असाल तर डाक्टरला सांगून टाका. त्यात लाजायचं काय?" मागून दादा — "मास्तर लोक लय घेतात, फक्त कळू देत नाय." सख्खा भाऊ.

१५, शुक्रवार
उद्या कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. औषध शिरेतून देतात. लिव्हरच्या निरोगी पेशी ते पितात आणि वीस मिनिटांनी काढलेल्या चित्रात उजळतात. कॅन्सर सहसा पीत नाही, काळाच राहतो. म्हणजे इथे न पिणारा तोच दुर्जन. घरी येताना हे मीनाला ऐकवलं. हसली नाही. "डाग प्यायला पाहिजे," एवढंच म्हणाली.

१६, शनिवार
गंगापूर रोडवरचं सेंटर. मशीनवर मयूर — माझाच विद्यार्थी, दहावीला संस्कृतात पस्तीस. "सर, श्वास रोखा. हलू नका. बोलू नका." वर्गात ही वाक्यं माझी होती, त्याने एकदाही ऐकली नाहीत. मी मुकाट ऐकली.
औषध गेलं, हात गार पडला. मग वीस मिनिटं नुसतं थांबणं. 'यकृत्' हा शब्द मनात विभक्तीत चालवून पाहिला. नपुंसकलिंगी, वर मधूनच 'यकन्'ची रूपं. अवघड म्हणून दरवर्षी वर्गात गाळत आलो.
निघताना विचारलं, "काय रे, प्यायला का?"
"डॉक्टर बघतील, सर." हे माझ्या चपलांकडे बघत.

१८, सोमवार
रिपोर्ट आला. इंग्रजीत. मीना म्हणाली, "मराठीत सांगा." पहिलं वाक्य सांगितलं — डाग पूर्ण उजळला, निरुपद्रवी दिसतो. तिने तिथल्या तिथे वहिनींना फोन लावला. "प्यायला हो वहिनी, प्यायला!"
दुसरं वाक्य सांगितलं नाही. बाकीचं लिव्हर उजळलेलं नाही. ते प्यायलंच नाही, काळंच राहिलं.