खुरमालूवरचे पाहुणे

तेहरान, १८ आज़र

चि. तूरान हिस, फरामर्ज़दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. ताहिरेवहिनीला जाऊन तीन वर्षं झाली, एवढ्या घरात एकटा बसून तू करतोस तरी काय, असं विचारलंयस. झाड बघतो. अंगणातला खुरमालू यंदा असा लगडलाय की पानं सगळी गळून गेली तरी झाड उघडं वाटत नाही. काळ्या फांद्यांवर नुसती टोमॅटोसारखी केशरी फळं. हाताला लागली तेवढी उतरवली. शेंड्यावरची, बाबा ठेवायचे तशी, पाखरांना ठेवली. सकाळी आधी बुलबुल येतात, मग पोपटांची टोळी. हे पोपट म्हणजे वऱ्हाडी मंडळी. खाणार थोडं, सांडणार फार, आणि आरडाओरडा न करता घास गिळणार नाहीत.

त्यावरून भांडण झालं. शेजारच्या घरात दोन महिन्यांपूर्वी मुनीरे खानम म्हणून एक बाई राहायला आल्यात. सुईण होत्या, आता निवृत्त. एकट्याच असतात. परवा हातात चादर घेऊन दारात उभ्या, चादरीच्या मधोमध खुरमालू फुटलेला. म्हणाल्या, आगा, तुमचे पोपट माझ्या धुण्यावर न्याहारी करतात. मी म्हटलं, पोपट माझे नाहीत. म्हणाल्या, झाड तर तुमचं आहे ना? मी चहा पुढे केला. चहा पिता पिता बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी ज्याला इतकी वर्षं कावळ्याचं पिल्लू समजत होतो, तो कस्तुर निघाला. भर थंडीत कावळ्याला पिल्लं कुठली, असं म्हणून हसल्या. सहासष्टाव्या वर्षी मी आपल्याच अंगणात अडाणी ठरलो.

इस्कंदर मेहुण्यांना सलाम.
तुझा दादा


अहवाझ, ३ दय

ती. दादास, तूरानचा सलाम वि. वि.

फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, कागदावर तरी बोलतोस. तुझं पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोपटांचं वर्णन छान आहे, पण अर्धं पत्र शेजारणीचं दिसतंय. मी फक्त कळवतेय.

तुझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीय. खिडकीतून कारून नदी दिसते. थंडीत पुलाजवळ इतके पांढरे समुद्रपक्षी जमतात की पाव फेकावा आणि त्यांनी तो हवेतच उचलावा. झाडच बघायचं असेल तर आमच्या दारात बोर आहे, खजूर आहे. आणि बुलबुलांचं कौतुक मला सांगतोस? ते मूळचे आमच्याकडचेच! इथे बर्फ नाही, घसरणं नाही, रोज चिंच घातलेलं माशाचं कालवण. पुढच्या महिन्यात, दहा बहमनच्या गाडीचं तिकीट काढते. यंदा ‘बघू’ म्हणायचं नाही. तीन हिवाळे तेच ऐकतेय, आणि तू तिथे एकटा आहेस या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

राग आला तरी चालेल, पण ये.
तुझीच तूरान


तेहरान, १९ दय

चि. तूरान हिस, आ. वि. वि.

दहा बहमन जमेलसं वाटत नाही. कामं फार निघालीत. मी पाखरांची नोंदवही सुरू केलीय, नोकरीत असताना स्टेशनवर ठेवायचो तशीच, आगमन-निर्गमन वेळेसकट. पोपट, आगमन आठ वाजून दहा, पाच मिनिटं उशीर. मुनीरे खानम साडेनऊला येतात आणि चुका काढतात. धुण्याची दोरी त्यांनी परसात हलवली, त्यामुळे भांडण मिटलंय. त्यांचं म्हणणं, या झाडावर सुतार पक्षी येणारच, खोडावर भोकं आहेत. तो बघितल्याशिवाय निघायचं म्हणजे गाडी यायच्या आत फलाट सोडण्यासारखं.

नवा कोट शिवून घेतला. जुन्याला पाखरं बुजायची.

फळं संपली की बघू. खोलीला खिडकी कुठल्या रंगाची केलीस?
तुझा दादा


तेहरान, १४ बहमन

तूरान खानम यांस, मुनीरेचा सलाम वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या भावानं कळवू नका म्हणून बजावलं आहे. पण चाळीस वर्षं मी लोकांच्या घरच्यांना खरं तेच सांगत आले, आता सवय मोडवत नाही.

गेल्या आठवड्यात इथे गुडघाभर बर्फ पडला. फळं गोठून दगड झाली, पाखरं फांद्यांवर फुगून बसली. भल्या सकाळी फरामर्ज़ आगा शिडी लावून झाडावर चढले, फांद्या झटकायला आणि सफरचंदाच्या फोडी बांधायला. पोपटांचा गोंगाट एकाएकी बंद झाला म्हणून मी भिंतीवरून डोकावले. शिडी आडवी, आणि हे बर्फात उताणे. चादरीवर घालून ओढत घरात आणलं. उजवा घोटा मोडला आहे. प्लास्टर सहा आठवडे. शुद्धीवर होतेच. पहिला प्रश्न केला तो, नोंदवही भिजली का.

जेवणाची काळजी करू नये. डाळ-पालेभाजीची दाट आश मीच पाठवते. मीठ कमी लागतं, ते आलं माझ्या लक्षात. तुम्ही त्यांना तिकडे नेणार असल्याचं ते सांगतात. सध्या प्रवास झेपणार नाही, एवढंच सांगायचं होतं. खाली एक ओळ लिहून खोडली आहे, त्याबद्दल माफी.

आपली,
मुनीरे


अहवाझ, २० बहमन

ती. दादास,

सलाम-बिलाम पुढच्या पत्रात. या वयात शिडीवर! फोनवर काय म्हणालास, तर सर्दी झालीय! परक्या बाईनं कळवावं आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नसावा! गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतेय. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, रस्ता मला पाठ आहे.

आणि मुनीरे खानमनी खोडलेली ओळ मी कागद उजेडात धरून वाचली. काय होतं ते सांगणार नाही.
तूरान


अहवाझ, ९ इस्फंद

ती. दादास, तूरानचा सलाम वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना तू प्लास्टरकडे बघत जे पुटपुटलास, ते मी नीट ऐकलं होतं. म्हणून टॅक्सी उभी ठेवली आणि मिठाईचा डबा घेऊन मुनीरे खानमच्या दारात गेले. मुलासाठी आई मागणी घालायला जाते; सहासष्ट वर्षांच्या घोड्यासाठी धाकटी बहीण गेली. गाडीची वेळ झाली होती, म्हणून परत येऊन सांगता आलं नाही.

तर त्या म्हणाल्या, तूरान खानम, तुमची पावलं माझ्या डोळ्यांवर, पण ही मागणी मी तुमच्या तोंडून ऐकणार नाही. पाखरांवर रोज दोन तास बोलणाऱ्या माणसाला चार शब्द स्वतःचे बोलता येऊ नयेत? प्लास्टर निघू दे. आपल्या पायांनी येऊ दे. मिठाई मात्र त्यांनी ठेवून घेतली. बघ, समज.

खरं सांगू? गाडीत थोडी रडले. तू आता इकडे येणार नाहीस. खिडकी निळी केली होती. पण तुझ्या स्वयंपाकघरात तुम्ही दोघं मिठावरून वाद घालत होतात ना, ते ऐकताना तीन वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

घाबरू नकोस.
तूरान


तेहरान, २६ इस्फंद

चि. तूरान हिस, दादाचे आशीर्वाद वि. वि.

काल प्लास्टर निघालं, आज काठी टेकत गेलो. नवा कोट घातला होता. रात्रभर पाठ केलेलं वाक्य दारातच विसरलो. म्हटलं, झाडाला डोळे फुटतायत. म्हणाल्या, मलाही डोळे आहेत, सगळं दिसतं. पुढे बोला.

मग बोललो. ताहिरेची आठवण रोज येते, ती थांबायची नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, थांबली असती तर मी नाही म्हटलं असतं. आज तिला विसरलात तर उद्या मलाही विसराल. एवढं बोलून आत गेल्या आणि रिवाजाप्रमाणे चहाचं तबक घेऊन आल्या. मागणी आली की नवरीनंच चहा आणायचा. मी दोन कप प्यायलो.

घर कुणीच सोडायचं नाही, मधल्या भिंतीत दार पाडायचं, असं ठरलं. गवंडी नौरोज़नंतर येतोय. दार किती रुंद ठेवायचं, यावरून दुपारीच पहिलं भांडण झालं. तिचं म्हणणं, एक माणूस जाईल एवढं पुरे. मी म्हणतो, दोघं शेजारी शेजारी जातील एवढं हवं. इस्कंदरना घेऊन ये आणि निकाल दे. निकाल काहीही दे, फक्त माझ्या बाजूनं दे.

आम्हा दोघांवर लोभ ठेव.
तुझा दादा