गोजराबाईंना कळेल तोच अर्थ

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रणव म्हणतो, पुण्याला चल. माझ्याच हातच्या करंज्या खाऊन, तोंड पुसता पुसता! "आई, तू रिटायर झालीस, बाबा गेले. बोईसरला तुझं आता आहे काय?"

आहे काय म्हणजे? घर आहे. दारात चिकू आहे. भांडायला माणसं आहेत.

शेवटी पैज लावली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची इंग्रजी शब्दांची स्पर्धा आहे. जिंकेल तो डिसेंबरपासून दर शनिवारी संघाचा इंग्रजीचा वर्ग घेणार. वर्ग मला मिळाला तर मी इथेच. नाही मिळाला तर मुकाट्याने पुण्याला. सूनबाई रूपल म्हणाली, "आई, मागाहून बदलणार नाही ना?"

काय पण विश्वास.

२७ ऑक्टोबर, सोमवार

संताप संताप झाला. संघाच्या बैठकीतून आत्ताच आले.

स्पर्धा नेहमीचीच. चिठ्ठीत सुरुवातीची अक्षरं निघतात, त्या अक्षरांनी सुरू होणारा इंग्रजी शब्द सांगायचा आणि मराठीत अर्थ. गेल्या वर्षी परीक्षक प्राध्यापक होते. अर्ध्या सभागृहाला अर्थच समजले नाहीत, अशी तक्रार झाली. म्हणून यंदा परीक्षक कोण? किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या गोजराबाई! जन्मभर मासळी विकली, इंग्रजीचा एक शब्द येत नाही. त्यांना अर्थ कळला आणि त्यांनी आपलं उदाहरण दिलं, तरच गुण.

मी उभी राहून निषेध केला. वाणगावचे निवृत्त मुख्याध्यापक आत्माराम राऊत, गेल्या वर्षीचे विजेते, मिशीत हसत म्हणाले, "बाई, अर्थ समोरच्यासाठीच सांगतात ना?"

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अँजेलांनी माझ्याकडून डिक्शनरी पाठ करून घेतली, ती यासाठी?

३० ऑक्टोबर, गुरुवार

सराव. बी-ई-एन-ई. भाजी घेऊन जिवल्या आला, त्यालाच धरलं. म्हटलं, बेनेव्होलंट म्हणजे परोपकारी. तो मेथी निवडत राहिला. मग म्हटलं, दुसऱ्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारा माणूस.

"मंग दोन जुड्या घ्या," म्हणाला.

घेतल्या. अर्थ पोचला होता.

२ नोव्हेंबर, रविवार

एम-ए-एल. मॅलिस, मॅलाइन, मॅलिशस. दुष्टावा, वाईट बोलणं, दुष्ट. सगळ्यांना उदाहरण म्हणून आत्माराम राऊत चालतात.

९ नोव्हेंबर, रविवार

हरले.

तरी लिहिणारच. बाकीचे गळाले, शेवटी आत्माराम आणि मी, बरोबरीत. चिठ्ठी निघाली ओ-बी-एस. दोन-दोन शब्द.

ते म्हणाले ऑब्स्टॅकल, वाटेत आडवं येणारं. गोजराबाई लगेच, "कळला. एसटीच्या दारात उबी रवतात ती माणसं." मी ऑब्सिक्वियस टाकला. गरज असली की पुढे पुढे करणारा, गोड गोड बोलणारा. "कळला. माजा जावय. पापलेट पायजे असला का." सभागृह हसून लोळलं. जावई तिथेच बसला होता.

आत्मारामांनी सांगितला ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी. गोजराबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "कळला. ही बाय." माझ्या जिवावर त्यांना गुण!

मग मी ऑब्सोलीट म्हटलं. जुनं झालं म्हणून वापरातून गेलेलं, आता कुणाला नको असलेलं. त्यांना काही आठवेना. म्हणून उदाहरण मीच दिलं. ऑफिसात स्टेनो होते तेव्हाचा माझा टाइपरायटर. माळ्यावर पडलाय.

"मोडलाय?"

"नाही हो. उत्तम चालतो."

"चालतंय, मंग नको कसा?"

कॉम्प्युटर आले म्हटलं. काळ बदलला म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. आत्मारामसुद्धा मध्ये पडले. "गोजराबाई, अर्थ बरोबर आहे त्यांचा."

"बरोबर असल, मास्तर. मना नाय कळला."

एका गुणाने गेलं सगळं. रिक्षात बसले आणि तो जावई आठवला. इतकी हसले की रिक्षावाला वळून बघायला लागला. हरल्याचं मागाहून आठवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रणवला फोन केला. शब्द दिलाय, येते. खूश झाला. रूपलने कपाटाचा एक कप्पा रिकामा केलाय म्हणे. एक! वर प्रणव म्हणतो, "टाइपरायटर आणू नकोस हं आई, इथे जागा नाही."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्माराम चिकू घेऊन आले. बॅगा बघून खुर्चीच्या काठावर बसले. "तुम्ही गेल्यावर माझी चूक काढणार कोण?"

तुमची एखादी काढून पुरणार आहे का, म्हटलं. हसले नाहीत. चिकू मात्र गोड निघाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी प्रणव गाडी घेऊन आला. बॅग खाली नेली, तर फाटकात गोजराबाई. बरोबर दांडीच्या चौघीजणी, मागे आत्माराम. वर्ग आत्माराम आणि मी, दोघांनी घ्यायचा, असं ते परस्पर ठरवून आलेले. मला विचारायची पद्धत नाही! गोजराबाई म्हणाल्या, "तो शब्द अजून नाय कळला, बाय. कळंपत्तूर तुला जाता येनार नाय."

प्रणव हसला. "सोपा आहे, मावशी. ऑब्सोलीट म्हणजे..."

माझ्याकडे बघितलं आणि थांबला.

"मलाही नाही सांगता येत," म्हणाला. बॅग उचलून वर घेऊन गेला. खाली आला तेव्हा हातात माळ्यावरचा टाइपरायटर होता. "वर्गाला लागेल ना?"