दोन शत्रू पाहिजेत

४ फेब्रुवारी
मानवजातीच्या अधःपतनाला आरंभ कुठून झाला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. माझ्यापुरता तो आज सकाळी ऑफिसात, माझ्या कपापासून झाला. त्यात कोणीतरी पेनं उभी करून ठेवली होती. शिवाय एक कात्री. कप माझा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. कान तुटलेला आहे म्हणून विशेषच माझा. विचारलं तर गॉगल म्हणाला, "सर, तुम्ही हल्ली फारसे येत नाही ना, म्हणून."
गॉगल म्हणजे पुरवणीचा नवा संपादक. गॉगल डोळ्यांवर कधीच नसतो, कायम डोक्यावर. बातमीची पहिली ओळ कशी लिहावी, हे याला मी शिकवलं. गेल्या महिन्यात त्याने माझं विनोदी सदर बंद केलं. "सर, जोक जरा जुने झालेत." विनोद जुना होत नाही, मुरतो. हे त्याला सांगायचं राहिलं.
संकल्प : सूड.

५ फेब्रुवारी
सुडाची रूपरेषा. राजीनामा द्यावा? लगेच स्वीकारतील. रद्द.
घरात सामसूम. ही अजून भावाकडेच. कारण क्षुल्लक. सदरात मी वर्षानुवर्षं 'आमच्या सौ.'वर लिहीत आलो. लोक हसले. ही कधी काही बोलली नाही. शेवटच्या लेखात, चर्चमध्ये गाताना हिला उचकी लागली ते लिहिलं. एका उचकीचं एवढं काय? हिने बॅग भरली. न्यायला मेहुणा आला. जाताना मला म्हणतो, "भाऊजी, दूधवाल्याला उद्यापासून कमी दूध सांगा." वाक्य साधं दिसतं. आतलं विष पाहावं.
सुडाला दुसरं गिऱ्हाईक : मेहुणा.

८ फेब्रुवारी, रविवार
उपासनेला गेलो. माझा बाप्तिस्मा मी कडेवर असताना झाला; त्यानंतर चर्चची आणि माझी गाठ क्वचितच. आज हेतू एवढाच, की हिला मी दिसावा. शक्यतो खंगलेला. ही पहिल्या रांगेत उभी राहून गात होती. उचकी नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.
मग पाळकसाहेबांनी निवेदन केलं. दूरच्या एका बेटावर मिशनचं ठाणं आहे. दवाखाना, शाळा. थंडी भयंकर, बोट क्वचित. माणूस हवा आहे. पाठोपाठ प्रवचन : शत्रूला क्षमा करा.
दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र आल्या. सर्वांना जाहीर क्षमा करायची आणि निघून जायचं! याला समोरच्याकडे उत्तर नाही. भांडता येत नाही, खुलासा छापता येत नाही, जन्मभर कुढत बसावं लागतं. इतकं अमोघ अस्त्र शतकानुशतकं उघड्यावर पडलं आहे, आणि लोक वकिलाकडे जातात.
मला पाचारण झालं आहे.

१० फेब्रुवारी
पाळकसाहेबांची भेट. माणूस फार हसतो, तेवढं खटकलं. म्हणाले, "देवानं बोलावलंय, की ऑफिसनं घालवलंय?" मी म्हटलं, ईश्वर कोणतंही साधन वापरतो. "पाण्याचा पंप दुरुस्त करता येतो?" नाही, पण संस्कृत शब्दरूपं तोंडपाठ आहेत. "पंपाला म्हणून दाखवा," म्हणाले. "चालला तर उत्तमच."
मग या मिशनची चाल सांगितली. निरोपाच्या उपासनेत पाळक तर डोक्यावर हात ठेवतोच. पण ज्यांच्याशी जाणाऱ्याचं वाकडं आहे, अशा दोघांनीही पुढे येऊन हात ठेवायचा. वैर घेऊन बोटीत चढायचं नाही. "मिळतील ना दोघं?"
मिळतील ना! निवड करताना नाकी नऊ येतील.
शिवाय लग्न झालेल्याला बायकोची संमती लागते. ती काही मिळत नाही. ही हंबरडा फोडेल. मी थोडा वेळ कठोर राहीन, मग विरघळेन. बेटाला दुसरा माणूस शोधावा लागेल, त्याला माझा इलाज नाही.

११ फेब्रुवारी
पंपाचा सराव म्हणून मोरीचा नळ खोलला.
दुपारी प्लंबर. इतक्या उशिरा आल्याबद्दल त्याला क्षमा केली. म्हणाला, "ते राहू द्या, आधी बादली सरकवा."

१३ फेब्रुवारी
गॉगलच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. म्हटलं, "मी तुला क्षमा करतो." आवाज छान लागला होता.
"कशाबद्दल, सर?"
सदराबद्दल. तर म्हणतो, "अहो, मला वाटलं तुम्हीच कंटाळलात!" मग बेटाचं ऐकून थेट मिठी. सर, ग्रेट. हात ठेवायला मी येणार, सगळे येणार, फोटोग्राफरही आणणार. म्हटलं, अरे, त्याला वैर लागतं. "वैर कसलं? तुम्ही माझे गुरू." आणि गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर ओढला. रडत होता मेला.
शत्रू म्हणून बाद. सूड घ्यायला गेलो मी, उगवला त्याने.

१४ फेब्रुवारी
मेहुण्याकडे. दार उघडताच, मी तोंड उघडायच्या आत : "या भाऊजी! मी तुम्हाला कधीच माफ केलंय." माझं वाक्य. माझ्या आधी. वर पाठीवर थाप.
दुधाचा विषय काढला. म्हणाला, "दोघांचं दूध एकट्यानं कसं संपवणार? नासलं असतं हो." आत विष नव्हतंच. दूधच होतं.
ही गाण्याच्या तालमीला गेलेली. मेहुणा म्हणाला, "ताई मजेत आहे." हे त्याने धीर द्यायला सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
पाळकसाहेबांना सांगितलं, शत्रू मिळत नाहीत. वाटलं, प्रकरण इथेच मिटेल. त्यांनी टाळीच दिली. "मग अडचणच नाही! बाईसाहेबांचं 'हो' तेवढं आणा."
उपासना सुटल्यावर हिला पायऱ्यांवर गाठलं. बेट, थंडी, बोट, सगळं खोल आवाजात सांगितलं. हिने नीट ऐकून घेतलं.
"तिकडून माझ्यावर लिहिणार आहात?"
"नाही."
"मग जा. तपकिरी स्वेटर खालच्या खणात आहे. तोच घ्या, दुसरा विरलाय."
म्हटलं, तू रागावून बोलतेस. "नाही हो. होता राग. आता नाही." आणि हसली. टोमण्याचं हसणं मला ओळखू येतं. हे ते नव्हतं. मग गाणाऱ्या बायकांबरोबर बोलत बोलत निघून गेली.

१६ फेब्रुवारी
पाळकसाहेबांनी बोटीत जागा धरली. ऑफिसने रजा दिली. कोणाचीच हरकत नाही.
सूड सुचत नाही.
बेटाची भीती वाटत नाही. थंडीची नाही, पंपाची थोडी. हिचा राग गेला, त्याची वाटते. रागावलेली होती तोवर ती परत येईल, असं मी धरून चाललो होतो.