हौदातून लिहिण्यास कारण की

आदरणीय दाजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार (जागा बेताची असल्याने बसल्या बसल्याच). आपला गुडघा आता कसा आहे? ताईचा खोकला थांबला असावा. माझी प्रकृती उत्तम असून सध्या माझे वास्तव्य आमच्या अंगणाखालच्या कोरड्या हौदात आहे.

गैरसमज नसावा. मी पडलो नाही, उतरलो आहे. हा दोन पुरुष खोल हौद माझ्या वडिलांनी खणला आणि छपराचे पाणी त्यात आणणारी पन्हळ मी बसवली, हे आपण जाणताच. यंदाही सुरुवातीच्या सरींनी छप्पर धुऊन घेतले, ते मळके पाणी बाहेर सोडले, मग पन्हळीचे तोंड हौदाकडे वळवले. एवढे करून हात पुसतो, तोच चिरंजीव म्हणाले, "बाबा, घरात नळ आलाय. हा खड्डा बुजवू, वर माझी गाडी राहील." खड्डा! ज्या पाण्यावर हा वाढला (आणि तेही अंगाने जरा जास्तच), त्याला खड्डा! दाजी, नळाचे पाणी ही दुसऱ्याची मर्जी आहे. हौदाचे पाणी हे आपले स्वतःचे. मी चौथी उत्तीर्ण आहे, एवढा फरक मला कळतो.

तेव्हा गवंडी राडारोडा घेऊन येण्याआधीच मी आत उतरलो आणि परतीचा मार्ग नको म्हणून शिडीही मोडून टाकली. गवंडी वरून म्हणाला, "काका, जरा सरकता का? दगड टाकायचेत." मी म्हणालो, "टाक माझ्या डोक्यावर!" तो म्हणाला, "तसली कामं मी घेत नाही, काका." त्याने आपली शिडी आत सोडली, ती मी दोन्ही हातांनी वर ढकलली. शेवटी तो शिडीसकट निघून गेला. सूनबाई बादलीतून जेवण सोडते, ते मी घेतो (माझा लढा हौदासाठी आहे, भाकरीशी माझे वैर नाही).

आज सकाळी चिरंजीव वाकून म्हणाले, "जिंकलात बाबा. हौद राहू दे. या आता वर." तोंडी शब्दावर मी वर येणाऱ्यांतला नव्हे!

आपला न हटणारा,
मेहुणा

ता. क. शिडी मी मोडली, असे वर लिहिले आहे. ती माझ्या वजनाने मोडली. हे घरात कोणाला ठाऊक नाही व होऊ नये. आपली रंगकामाची शिडी घेऊन दुपारी सर्व झोपल्यावर मागील दाराने यावे. गुडघ्याची चौकशी त्यासाठीच केली होती.

पुन्हा ता. क. आभाळ फार भरून आले आहे. माझ्या पन्हळीतून छपराचा एक थेंबही बाहेर सांडत नाही, याचा मला आजवर अभिमान होता व आहे. गुडघा बरा नसला तरी यावे.