लाल झाकणाच्या डब्यातले तेल

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चिरंजीव सौभाग्यवती सूनबाईस,

मामंजींचे मनःपूर्वक आशीर्वाद. तू अहवाल घेऊन मुख्य कार्यालयात गेल्यापासून घर फार शिस्तीत आणि फार उदास आहे. स्वयंपाक तुझे यजमान करतात. पदार्थ कोणता हे विचारण्याचे धैर्य मला होत नाही. पैदास केंद्रातले बाराही एडके सुखरूप आहेत. तुझ्या लाडक्या 'जहागीरदारा'ने काल कुंपणाची फळी मोडली आणि वर माझ्याकडेच जाब विचारल्यासारखे पाहिले.

मांजरांविषयीही लिहायला हवे. खुराकाच्या कोठीमागे राखेचा ढीग आहे, तिथे तीन मांजरे गेले दोन महिने पहाटे माझी वाट पाहत असत. त्यांची लव रेशमासारखी चकाकते. राखणदार म्हणाला, "काय हो शास्त्रीबुवा, मांजरांनी तुमच्याकडून दीक्षा घेतली वाटतं!" मी हसलो. ते हसणे खोटे होते.

सूनबाई, शुक्रवारी तू लिहून देणार आहेस, की मासळीच्या तेलाने एडक्यांच्या बीजात काहीही फरक पडत नाही. ते लिहून देऊ नकोस. वासापुरते सोडले तर ते तेल एडक्यांच्या पोटात गेलेच नाही.

प्रयोगाच्या आरंभी तू मला किती मायेने समजावले होतेस! "मामंजी, बीजाच्या पेशीचं आवरण मेदाचं असतं. खाण्यातला मेद योग्य असेल तर ते लवचिक राहतं, गोठवलं तरी फाटत नाही." सहांना लाल झाकणाच्या डब्यातले मासळीचे तेल, सहांना निळ्या झाकणाच्या डब्यातले सूर्यफुलाचे. ते खुराकात मिसळण्याचे काम तू मला दिलेस, म्हणालीस, "पूजेतलं माप ज्यांचं चुकत नाही, त्यांचं हेही चुकणार नाही."

माप चुकले नाही. पहिल्याच पहाटे झाकण उघडले आणि मनात आले, ज्याला विधात्याने तृणावर वाढवले त्याच्या मुखी मासा घालणारा मी कोण? लाल डबा मी राखेवर रिता केला आणि त्यात सूर्यफुलाचे तेल भरले. वास टिकावा म्हणून तळाशी चार बोटे मासळीचे ठेवले. नवा डबा आला की पुन्हा तेच. त्या चार बोटांना कोणत्याही शास्त्राचा आधार नव्हता. ती निव्वळ लबाडी होती.

मग बाराही एडक्यांचे आकडे सारखे आले. केंद्राच्या साहेबांनी सर्वांदेखत तुला म्हटले, "बाई, मोजायला तरी येतं का?" घरी येऊन तू जेवणाच्या मेजावर सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे मांडून पुन्हा पुन्हा मोजत बसलीस. मी समोर होतो. तू विचारलेस, "मामंजी, माझं कुठे चुकलं असेल हो?" मी म्हणालो, "ईश्वरेच्छा, बाळ." माझे कर्म मी ईश्वराच्या माथी मारले. आयुष्यभराच्या पारायणात याहून मोठे पाप माझ्या हातून घडल्याचे स्मरत नाही.

फोनवर सांगणार होतो. तू "औषध घेतलंत का?" असे विचारलेस आणि मी 'घेतलं' म्हणून फोन ठेवून दिला.

हे पत्र अहवालास जोड. 'अनवधानाने' हा शब्द माझ्यावरील प्रेमापोटीही घालू नकोस. मी जाणूनबुजून केले. प्रयोग पुन्हा मांडण्यास दोन महिने मागून घे. तृणाहारी जिवाला मासा द्यावा का, हा माझा प्रश्न अजून मिटलेला नाही. पण तो तुझ्यासमोर बसून विचारायचा होता. कदाचित तू जवसाचे तेल सुचवले असतेस. कदाचित मला चार शब्द सुनावले असतेस. दोन्हींत माझे कल्याणच होते.

कोठीची किल्ली सोबत पाठवत आहे. ती तुझ्याकडे ठेवलीस तरी मला न्याय्यच वाटेल. मात्र परत आलीस की औषधाचे विचारणे थांबवू नकोस, एवढीच याचना.

तुझा अपराधी, आणि तुझाच,
मामंजी